विश्लेषण : संघ हरतो, स्टेडियमचे बिल मात्र शहराला, बेसबॉलमधले हे गणित नेमके काय आहे?

१३ जून २०२३ रोजी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात एक विचित्र सामना झाला. ओकलंड अ‍ॅथलेटिक्स हा त्या वर्षीचा अमेरिकेतला सर्वांत वाईट बेसबॉल संघ. त्याच्या सामन्यांना एरवी नऊ-दहा हजार माणसे जेमतेम यायची. त्या रात्री २७,७५९ जण आले. अनेकांच्या अंगावर हिरवे टी-शर्ट होते आणि त्यांवर एकच शब्द होता : 'विका'. संघाला पाठिंबा द्यायचा आणि मालकाला घरी पाठवायचे, असा तो कार्यक्रम. चाहत्यांनी त्याला 'उलटा बहिष्कार' असे नाव दिले होते. न येऊन निषेध करण्यात अर्थ नव्हता, कारण स्टेडियम रिकामे असणे हीच मालकाची सबब होती.

त्याच दिवशी शेजारच्या नेवाडा राज्यात, कार्सन सिटी या राजधानीत, सिनेटने एक विधेयक १३ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केले. हाच संघ लास वेगासला यावा म्हणून ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक पैसा देण्याची तरतूद त्यात होती. दुसऱ्या दिवशी कनिष्ठ सभागृहाने आणि त्यानंतर लगेच राज्यपाल जो लोम्बार्डो यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. ओकलंडने तो सामना २-१ असा जिंकला, पण संघ जायचा तो गेलाच.

१६२ पैकी ११२ सामने हरणाऱ्या संघासाठी एखादे राज्य कोट्यवधी डॉलर का मोजते? या पैशाची वाट कशी असते? आणि शेवटी तो कोणाच्या खिशातून जातो?

हा संघ कोणता आणि त्याची ही दशा कशी झाली?

ब्रॅड पिटचा 'मनीबॉल' पाहिलेल्यांना हा संघ माहीत आहे. कमी पैशात, आकडेवारीच्या जोरावर श्रीमंत संघांना टक्कर देणारा तो हाच. २००२ मध्ये त्याने सलग २० सामने जिंकले होते. १९०१ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेला हा संघ १९५५ मध्ये कॅन्सस सिटीला गेला आणि १९६८ मध्ये ओकलंडला आला. तिथे त्याने १९७२, १९७३, १९७४ आणि १९८९ असे चार वेळा विजेतेपद मिळवले. म्हणजे बिऱ्हाड हलवण्याची सवय जुनीच.

त्याचे घर होते ओकलंड कोलिझियम, १९६६ मध्ये उघडलेले. हे स्टेडियम बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल अशा दोन्ही खेळांसाठी बांधलेले, म्हणजे खरे तर दोन्हींसाठी गैरसोयीचे. ड्रेनेज तुंबून खेळाडूंच्या खोल्यांत घाण पाणी शिरल्याच्या बातम्या यायच्या. नवे स्टेडियम हवे ही मागणी मुळात खोटी नव्हती, हे आधीच सांगितलेले बरे.

२००५ मध्ये लू वुल्फ आणि जॉन फिशर यांच्या गटाने हा संघ १८ कोटी डॉलरला घेतला. फिशर हे 'गॅप' या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव. पुढे सूत्रे त्यांच्याकडेच आली. मॅट ओल्सन, मॅट चॅपमन, शॉन मर्फी असे चांगले खेळाडू एकामागोमाग दुसऱ्या संघांना देऊन टाकण्यात आले आणि खेळाडूंवरचा खर्च लीगमध्ये तळाशी गेला. तिकिटे महाग, संघ दुबळा, स्टेडियम मोडके. मग लोक येईनात. आणि लोक येत नाहीत म्हणून ओकलंडमध्ये संघ चालत नाही, असे म्हणायला मालक मोकळे.

संघ तोट्यात, मग मालक श्रीमंत कसा?

इथे आपल्याकडच्या वाचकाला एक गोष्ट समजून घ्यावी लागते. मेजर लीग बेसबॉलमध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या टीव्ही हक्कांचे पैसे सर्व ३० संघांत सारखे वाटले जातात, मग संघ पहिला येवो की शेवटचा. शिवाय प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के भाग एका सामायिक निधीत जातो आणि तिथून परत सारखा वाटला जातो. त्यामुळे लहान बाजारपेठेतल्या संघाला मोठ्यांकडून पैसे मिळतात. हरण्याची शिक्षा म्हणून खालच्या श्रेणीत ढकलणे, जे युरोपातल्या फुटबॉलमध्ये होते, तेही इथे नाही.

तरीही प्रत्येक हंगामाचा ताळेबंद तोट्यात असू शकतो. खरी कमाई वार्षिक नफ्यात नसून संघाच्या किमतीत असते. १८ कोटींना घेतलेल्या या संघाची किंमत, ११२ सामने हरलेल्या वर्षीही, १०० कोटी डॉलरच्या वर आहे असा 'फोर्ब्स'चा अंदाज होता. पुण्याजवळ जमीन घेऊन पंधरा वर्षे पडीक ठेवणाऱ्याला जसे पिकाचे फारसे सोयरसुतक नसते, तसेच काहीसे. आणि त्या जमिनीशेजारून सरकारी खर्चाने रस्ता गेला तर काय होते, हे सांगायला नको. नवे स्टेडियम म्हणजे तो रस्ता. त्यातले आलिशान कक्ष, कंपन्यांना विकलेले स्टेडियमचे नाव, पार्किंग, खाद्यपदार्थांचे ठेके यांनी उत्पन्न वाढते आणि त्याहून जास्त संघाची किंमत वाढते.

शहरे नाही का म्हणू शकत नाहीत?

म्हणू शकतात; काहींनी म्हटलेही आहे. पण सौदा बरोबरीचा नसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये असा निकाल दिला की बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही, त्यामुळे मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू होत नाही. राज्याराज्यांत फिरून तिकिटे विकणारा धंदा आंतरराज्य व्यापार कसा नाही, हे कोडेच आहे. पण निकाल आजवर टिकला आहे. परिणामी किती संघ असावेत आणि ते कुठे असावेत, हे लीग स्वतः ठरवते. १९९८ पासून संघ ३० च आहेत. संघ हवी असलेली शहरे त्याहून जास्त. वऱ्हाडी येणारच असतील तर हुंडा मागणाऱ्याचा आवाज चढतोच.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण शिकागोचे आहे. १९८८ मध्ये व्हाइट सॉक्स संघाने फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला जाण्याची तयारी केली होती. इलिनॉय विधिमंडळाच्या अधिवेशनाची मुदत ३० जूनच्या मध्यरात्री संपत होती आणि मते जुळेनात. तेव्हा सभागृहातले घड्याळच थांबवण्यात आले. बाराचा ठोका उलटून गेल्यावर विधेयक मंजूर झाले आणि नोंदीत मात्र वेळ ११ वाजून ५९ मिनिटांची राहिली. शिकागोला नवे स्टेडियम मिळाले. सेंट पीटर्सबर्गने मात्र संघ येणार या आशेवर आधीच घुमट बांधायला घेतला होता. तो १९९० मध्ये उघडला आणि बेसबॉलचा संघ मिळायला १९९८ उजाडले. त्या आठ वर्षांत आणि नंतरही अनेक मालकांनी आपापल्या शहराला 'नाहीतर आम्ही फ्लोरिडाला जाऊ' असा दम देऊन घेतला.

आपल्याकडे आयपीएलमध्ये हा प्रकार फारसा दिसत नाही, कारण स्टेडियम क्रिकेट संघटनांच्या ताब्यात असतात आणि फ्रँचायझी तिथे सामन्यांपुरती भाडेकरू असते. वानखेडे मुंबई क्रिकेट असोसिएशनचे आहे, मुंबई इंडियन्सचे नव्हे.

ओकलंडच्या बाबतीत लीगच्या या अधिकाराने आणखी एक गंमत केली. खाडीच्या या भागात सॅन होजे, फ्रीमाँट, सनीव्हेल ही शहरे येतात. तिथे राहणारी मराठी कुटुंबे इतकी आहेत की ही नावे वाचकांच्या परिचयाची असतील. फिशर-वुल्फ यांनी आधी फ्रीमाँटमध्ये स्टेडियम बांधायची योजना आणली, ती २००९ मध्ये बारगळली. मग सॅन होजेला जायचे ठरले. शहर तयार, मालक तयार. पण तो भाग सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या दुसऱ्या संघाच्या 'हद्दीत' होता. ही हद्द जायंट्सला कोणी दिली होती? खुद्द अ‍ॅथलेटिक्सचे जुने मालक वॉल्टर हास यांनी, १९९० च्या सुमारास, शेजारधर्म म्हणून आणि फुकट! जायंट्सला तेव्हा सॅन होजेत स्टेडियम बांधायचे होते. मतदारांनी १९९२ मध्ये ते फेटाळले, पण हद्द जायंट्सकडेच राहिली. सॅन होजे शहराने २०१३ मध्ये लीगवर खटला भरला. अपील न्यायालयाने २०१५ मध्ये १९२२ च्या त्याच निकालाकडे बोट दाखवून तो फेटाळला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला.

मग शेवटचा पर्याय उरला ओकलंडच्या बंदरालगतची 'हॉवर्ड टर्मिनल' ही जागा. २०१८ मध्ये जाहीर झालेली ही योजना स्टेडियमपुरती नव्हतीच. तीन हजार घरे, कार्यालये, हॉटेल असा एकूण १२०० कोटी डॉलरचा पसारा होता. स्टेडियम मालक स्वतःच्या पैशाने बांधणार होते; रस्ते, पूल, रेल्वेमार्गावरून जाण्याची सोय अशा पायाभूत कामांचा भार मात्र शहराने उचलायचा होता. शहराने केंद्राकडून आणि राज्याकडून त्यातला मोठा भाग जमवत आणला होता. बोलणी चालू असतानाच, एप्रिल २०२३ मध्ये, संघाने लास वेगासला जागा पाहिल्याचे जाहीर केले.

ओकलंडला इतका सावधपणा का वाटत होता, याला एक कारण आहे. रेडर्स हा फुटबॉल संघ लॉस एंजेलिसहून १९९५ मध्ये परतावा म्हणून शहराने आणि अलामेडा काऊंटीने कर्ज काढून कोलिझियममध्ये एक अजस्र सज्जा बांधून दिला होता. त्या सज्जाने बेसबॉलच्या प्रेक्षकांना दिसणारी टेकड्यांची रांग झाकली गेली. रेडर्स २०२० पासून लास वेगासला खेळू लागले. कर्जाचे हप्ते मात्र ओकलंडचे करदाते भरतच राहिले. बास्केटबॉलचा वॉरियर्स संघ त्याच्या आधीच, २०१९ मध्ये, खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेला होता. पाच वर्षांत तीन संघ गमावणारे शहर म्हणून ओकलंडचे नाव झाले.

नेवाडाचे ३८ कोटी येतात कुठून?

राज्यपालांचा दावा होता की यासाठी कोणताही नवा कर लावलेला नाही. हे अक्षरशः खरे आहे. पण पैसा आकाशातून पडत नाही, म्हणून जरा खोलात जाऊ.

सर्वांत मोठा वाटा म्हणजे १८ कोटी डॉलरची 'हस्तांतरणीय करसवलत'. राज्य संघाला रोख पैसे देत नाही, तर 'तुमचा इतका कर माफ' असे प्रमाणपत्र देते. संघाचा स्वतःचा कर तेवढा नसतोच. म्हणून तो ते प्रमाणपत्र थोड्या कमी किमतीला कॅसिनोला विकतो. कॅसिनो ते दाखवून आपला जुगारावरचा कर तेवढा कमी भरतो. संघाला रोकड मिळाली, कॅसिनोचा थोडा फायदा झाला आणि राज्याच्या तिजोरीत तेवढे पैसे कमी आले. नेवाडात वैयक्तिक प्राप्तिकर नाही. जुगारावरचा कर आणि विक्रीकर यांवरच तिजोरी चालते. त्यामुळे ही 'न मिळालेली' रक्कम म्हणजे खर्चच, फक्त तो खर्चाच्या रकान्यात दिसत नाही.

दुसरा वाटा क्लार्क काऊंटीच्या रोख्यांचा, सुमारे १२ कोटी. लास वेगासचा प्रसिद्ध झगमगाट या काऊंटीत येतो. हे रोखे फेडण्यासाठी स्टेडियमभोवती एक खास करक्षेत्र आखले आहे. त्या क्षेत्रात जमा होणारे विक्रीकर, करमणूक कर वगैरे पैसे सर्वसाधारण तिजोरीत न जाता रोखेधारकांकडे जातील. उरलेला भाग काऊंटीने पायाभूत कामांसाठी दिलेल्या सवलतीत आणि मालमत्ता कराच्या माफीत आहे. स्टेडियम कागदोपत्री सार्वजनिक प्राधिकरणाच्या मालकीचे असल्याने त्यावर मालमत्ता कर लागत नाही. वापरणार संघ, उत्पन्न संघाचे, मालक मात्र जनता. ही सोय अमेरिकेत सर्रास आहे.

खास करक्षेत्राची कल्पना ऐकायला निर्दोष वाटते : स्टेडियम झाले नसते तर हा कर आलाच नसता, मग तो स्टेडियमला दिला तर काय बिघडले? अर्थशास्त्रज्ञांचे उत्तर असे. समजा, लास वेगासमधले एक कुटुंब महिन्याला करमणुकीवर २०० डॉलर खर्च करते. स्टेडियम झाल्यावर त्यांचे उत्पन्न वाढत नाही. ते सामन्याला जातील त्या दिवशी सिनेमाला किंवा हॉटेलात जाणार नाहीत. म्हणजे कर तेवढाच जमा झाला, फक्त तो शाळा आणि पोलिसांकडे जाण्याऐवजी करक्षेत्रात अडकला. नवा पैसा येतो तो फक्त बाहेरून, आणि निव्वळ सामन्यासाठी आलेल्या पाहुण्यांकडून.

लास वेगासच्या समर्थकांचा सगळा भर याच मुद्द्यावर आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. हे पर्यटकांचे शहर आहे. रेडर्सच्या स्टेडियमसाठी नेवाडाने २०१६ मध्ये ७५ कोटी डॉलर मंजूर केले आणि ते हॉटेलच्या खोल्यांवरच्या करातून फेडले जात आहेत. साथीच्या काळात हा कर आटला तेव्हा राखीव निधीला हात घालावा लागला, पण पुढे गाडी रुळावर आली. मात्र फुटबॉल आणि बेसबॉल यांत फरक आहे. फुटबॉल संघ हंगामात घरच्या मैदानावर आठ-नऊ सामने खेळतो, तेही बहुतेक रविवारी. त्यासाठी चाहते विमानाने येतात. बेसबॉलचे घरचे सामने ८१. एप्रिलमधल्या मंगळवारी संध्याकाळी कॅन्सस सिटीविरुद्धचा सामना पाहायला कोण विमानाचे तिकीट काढणार? आणि जो पर्यटक आधीच लास वेगासला आला आहे, तो सामन्याला गेला तर तेवढे तास जुगाराच्या टेबलावर बसणार नाही.

अर्थशास्त्रज्ञांचे सहसा कशावर एकमत होत नाही, पण यावर बऱ्यापैकी आहे. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बलिस्ट यांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथापासून आजपर्यंतचे बहुतेक अभ्यास हेच सांगतात की स्टेडियममुळे शहराच्या उत्पन्नात किंवा रोजगारात अनुदानाची भरपाई होईल इतकी वाढ होत नाही.

केंद्र सरकारचा पैसा यात कसा येतो?

अमेरिकेत शहरांनी काढलेल्या रोख्यांच्या व्याजावर केंद्राचा प्राप्तिकर लागत नाही. त्यामुळे गुंतवणूकदार कमी व्याजावर समाधानी असतो आणि शहराला कर्ज स्वस्त पडते. फरकाची रक्कम केंद्राच्या तिजोरीतून जाते. ही सोय शाळा, पाणीपुरवठा, पूल यांसाठी होती. स्टेडियमसाठी ती वापरू नये म्हणून १९८६ च्या कर सुधारणा कायद्यात अट घातली गेली : इमारतीचा दहा टक्क्यांहून अधिक वापर खासगी असेल आणि कर्जफेडीचा दहा टक्क्यांहून अधिक भाग त्या खासगी वापरातून येत असेल, तर रोखे करमुक्त राहणार नाहीत.

कायदा करणाऱ्यांना वाटले, आता कोणतेही शहर या फंदात पडणार नाही. झाले उलटेच. वापर तर खासगी असणारच, तेव्हा शहरांनी दुसऱ्या अटीतून वाट काढली. कर्जफेडीचा ९० टक्के भाग स्टेडियमबाहेरच्या करांतून करायचा, म्हणजे रोखे करमुक्त राहतात! याचा अर्थ असा की संघाकडून भरपूर भाडे घेणे हे शहराच्या दृष्टीने तोट्याचे ठरू लागले. संघाने कमीत कमी द्यावे यासाठी कायद्यानेच बक्षीस ठेवल्यासारखे झाले. ब्रुकिंग्ज संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासानुसार २००० नंतर बांधलेल्या किंवा मोठी डागडुजी झालेल्या ४५ व्यावसायिक स्टेडियमपैकी ३६ ना या करमुक्त रोख्यांचा लाभ झाला आणि केंद्राचे ३२० कोटी डॉलर त्यात गेले. न्यूयॉर्कच्या स्टेडियमसाठी आयडाहोतला बटाटा उत्पादकही हातभार लावतो, तो असा.

सौदा फसला तर काय होते?

याचे उत्तर मायामीकडे आहे. मार्लिन्स हा तिथला संघ. मालक जेफ्री लोरिया यांनी तो २००२ मध्ये सुमारे १६ कोटी डॉलरला घेतला होता. आपण गरीब आहोत, नवे स्टेडियम मिळाले नाही तर शहर सोडावे लागेल, हे त्यांचे पालुपद. २००९ मध्ये शहर आणि काऊंटीने करार केला. ६३ कोटींहून अधिक खर्चाच्या त्या प्रकल्पाचा जवळपास चार पंचमांश भार जनतेवर होता. संघाने आपली हिशेबाची पुस्तके दाखवली नव्हती. २०१० मध्ये ती कागदपत्रे फुटली आणि संघ चांगला नफ्यात असल्याचे उघड झाले.

काऊंटीने घेतलेल्या कर्जांपैकी एक तर अभ्यासण्यासारखे आहे. ९.१ कोटी डॉलरचे हे रोखे अशा प्रकारचे होते की सुरुवातीची अनेक वर्षे काहीच फेडायचे नाही, व्याज मुद्दलात मिळत राहायचे. २०४८ पर्यंत त्या ९.१ कोटींसाठी सुमारे १२० कोटी फेडावे लागणार आहेत. आजच्या राजकारण्याला हप्ता भरावा लागत नाही आणि जो भरणार आहे तो अजून शाळेत आहे, ही त्यातली सोय. स्टेडियम आणि त्याच काळातली मालमत्ता करातली वाढ यांवरून संतापलेल्या मतदारांनी मार्च २०११ मध्ये महापौर कार्लोस अल्वारेझ यांना मुदतीआधीच परत बोलावले; विरोधात ८८ टक्के मते पडली.

२०१२ मध्ये स्टेडियम उघडले. संघ गटात शेवटचा आला. त्याच हिवाळ्यात महागडे खेळाडू टोरंटोला देऊन टाकण्यात आले आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या. २०१७ मध्ये लोरिया यांनी संघ १२० कोटी डॉलरला विकला. करारात एक कलम होते की संघ ठरावीक काळात विकला तर नफ्याचा छोटा वाटा काऊंटीला मिळेल. लोरिया यांच्या हिशेबनिसांनी कर्ज, कर, दलाली वगैरे वजा करून दाखवले की विक्रीत नफा झालाच नाही, उलट तोटा झाला. कज्जा होऊन अखेर २०२१ मध्ये काऊंटीला सुमारे ४२ लाख डॉलर मिळाले.

याची दुसरी बाजू ओकलंडच्या खिडकीतून दिसते. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला खाडीकाठच्या मतदारांनी १९८७ ते १९९२ या काळात चार वेळा नकार दिला. संघ फ्लोरिडाला विकला जाण्याच्या बेतात होता. मग स्थानिक उद्योजकांनी तो घेतला, बँकेकडून कर्ज काढले, स्टेडियमचे नाव टेलिफोन कंपनीला विकले, खुर्च्यांचे हक्क विकले आणि ३५.७ कोटी डॉलरचे स्टेडियम जवळपास संपूर्णपणे खासगी पैशातून बांधले. २००० मध्ये ते उघडले आणि भरभरून चालले. मतदारांचा नकार खरा आहे असे मालकांना वाटले, तेव्हाच हा मार्ग निघाला. अर्थात सॅन फ्रान्सिस्कोसारखी श्रीमंत बाजारपेठ प्रत्येक शहराकडे नसते, हेही खरे.

मतदारांना विचारले तर?

नेवाडात विचारलेच गेले नाही. तिथल्या शिक्षक संघटनेचा प्रश्न साधा होता : वर्गांत मुले दाटीवाटीने बसतात, शिक्षक मिळत नाहीत, मग हा पैसा अब्जाधीशाला का? याच अधिवेशनात मंजूर झालेले, शाळांत सर्व मुलांना मोफत जेवण सुरू ठेवण्याचे विधेयक राज्यपालांनी नाकारले होते, ही गोष्ट शिक्षकांना विशेष झोंबली. 'स्टेडियमआधी शाळा' अशा नावाचा गट स्थापून त्यांनी सार्वमताची मागणी नोंदवली. पण अर्जात कायद्याचा पूर्ण मजकूर नाही आणि त्याचे वर्णन दिशाभूल करणारे आहे, असे कारण देऊन न्यायालयाने ती अडवली. मे २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केले.

त्याच्या महिनाभर आधी कॅन्सस सिटीत मात्र लोकांना विचारले गेले. रॉयल्सचे नवे बेसबॉल स्टेडियम आणि चीफ्सच्या फुटबॉल स्टेडियमची डागडुजी यांसाठी विक्रीकराची मुदत वाढवायची का? ५८ टक्के लोकांनी नाही म्हटले. आता पुढचे पाहा. कॅन्सस सिटी मिसुरी राज्यात आहे आणि नदीपलीकडे लगेच कॅन्सस राज्य सुरू होते. दोन-अडीच महिन्यांत कॅन्ससच्या विधिमंडळाने स्टेडियमच्या खर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत रोखे काढण्याचा कायदा केला. एका काऊंटीच्या मतदारांचा नकार पलीकडच्या राज्याने निष्प्रभ केला.

संघ आता कुठे आहे?

नोव्हेंबर २०२३ मध्ये लीगच्या सर्व मालकांनी एकमताने स्थलांतराला मान्यता दिली. स्थलांतर शुल्कही माफ केले. २६ सप्टेंबर २०२४ रोजी कोलिझियममधला शेवटचा सामना ४६,८८९ लोकांनी पाहिला. काही जण मैदानातली माती पिशवीत भरून घरी घेऊन गेले.

लास वेगासचे स्टेडियम तयार होईपर्यंत संघ सॅक्रामेंटोशेजारच्या वेस्ट सॅक्रामेंटोत, दुय्यम श्रेणीतल्या संघाच्या सुमारे १४ हजार क्षमतेच्या मैदानावर खेळतो. नावापुढे शहर लावत नाही, नुसते 'अ‍ॅथलेटिक्स'. इथे एक मराठी नाव येते. हे मैदान ज्यांच्या समूहाच्या ताब्यात आहे ते विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, जुहूत वाढलेले आणि 'टिब्को' ही सॉफ्टवेअर कंपनी काढून श्रीमंत झालेले. २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज हा बास्केटबॉल संघ सिॲटलला जाणार हे जवळपास ठरले होते. रणदिवे यांच्या गटाने तो विकत घेऊन शहरात ठेवला. त्यासाठी सॅक्रामेंटो शहराने नव्या बंदिस्त स्टेडियमला २५.५ कोटी डॉलर दिले, ज्याची फेड मुख्यतः शहराच्या पार्किंगच्या उत्पन्नातून करायची होती. एका शहराचा संघ वाचवणारे रणदिवे दहा वर्षांनी दुसऱ्या शहराने गमावलेल्या संघाचे यजमान झाले.

लास वेगासमध्ये ट्रॉपिकाना हे जुने कॅसिनो-हॉटेल ऑक्टोबर २०२४ मध्ये स्फोटकांनी पाडण्यात आले. त्या ३५ एकरांपैकी नऊ एकरांवर, सुमारे ३३ हजार क्षमतेचे, छत असलेले वातानुकूलित स्टेडियम उभे राहात आहे. जून २०२५ मध्ये भूमिपूजन झाले, २०२८ चा हंगाम तिथे खेळायचे नियोजन आहे. खर्चाचा अंदाज १५० कोटींवरून १७५ कोटींवर आणि मग २०० कोटींवर गेला. एक गोष्ट नेवाडाच्या बाजूने नोंदवायला हवी : सार्वजनिक वाट्यावर कायद्याने मर्यादा घातलेली असल्याने ही वाढ मालकाच्या माथी आली. २०२४ च्या अखेरीस मांडलेल्या आराखड्यानुसार फिशर कुटुंब ११० कोटी डॉलर घालणार, ३० कोटींचे बँक कर्ज घेणार आणि सार्वजनिक निधीतले ३८ पैकी ३५ कोटी वापरणार. मायामीशी तुलना केली तर हा सौदा जनतेच्या दृष्टीने पुष्कळच बरा आहे. संघाने ३० वर्षे शहर न सोडण्याचा करारही केला आहे.

लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड बरीच वर्षे सांगत आले आहेत की ओकलंड आणि टॅम्पा बे या दोन संघांच्या स्टेडियमचा प्रश्न सुटला की ३० चे ३२ संघ करण्याचा विचार होईल. ते ऐकून युटा राज्याने वाट पाहिली नाही. सॉल्ट लेक सिटीत बेसबॉलचे मोठे स्टेडियम व्हावे म्हणून ९० कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक निधी देण्याचा कायदा तिथे २०२४ मध्येच झाला. संघ अजून मिळालेला नाही.